दोनशे वीस चुकांची मुभा : संगीताच्या सीडीची मूळ प्रत आणि विश्वासू बर्नरचा शोध

१९९० च्या दशकात संगीताचा एखादा संग्रह सीडीवर प्रसिद्ध करायचा असे, तेव्हा स्टुडिओतून कारखान्याकडे एक मूळ प्रत पाठवावी लागे. तिला ‘मास्टर’ म्हणत. या मास्टरवरून कारखान्यात काचेची तबकडी कोरली जाई, काचेवरून निकेलचा ठसा घेतला जाई आणि त्या ठशावरून हजारो सीडी छापल्या जात. मास्टरमध्ये एखादी चूक राहून गेली, तर ती छापलेल्या प्रत्येक प्रतीत उतरे आणि बाजारात गेल्यावर दुरुस्त करण्याचा मार्ग उरत नसे. त्यामुळे मास्टर कोणत्या यंत्रावर लिहावा, हा प्रश्न ध्वनिअभियंत्यांच्या दृष्टीने मुळीच किरकोळ नव्हता. गायकाची, वादकांची आणि मुद्रणकाराची सारी मेहनत शेवटच्या टप्प्यावर एका सीडी रायटरच्या हवाली केली जात असे.

या प्रश्नाला एक विचित्र पैलू होता. एकच संगीत दोन वेगवेगळ्या बर्नरवर लिहिले, तर दोन्ही प्रती वाजत सारख्याच. संगणकावर उतरवून ताडून पाहिल्या, तर पुष्कळदा आतील आकडेही तंतोतंत जुळत. तरीही त्यांपैकी एक प्रत निर्दोष आणि दुसरी कड्याच्या टोकावर उभी असू शके. हा फरक कानाला कळत नसे, डोळ्यांना दिसत नसे. तो का कळत नसे आणि अखेर कसा कळू लागला, हाच विश्वासू बर्नरच्या शोधाचा इतिहास आहे.

सीडीचे तांत्रिक मानक नेदरलँड्सच्या फिलिप्स आणि जपानच्या सोनी या कंपन्यांनी मिळून १९८० साली निश्चित केले. त्याच्या लाल मुखपृष्ठामुळे ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या, हे त्याचे मूळ गणित. ४४,१०० हा आकडा वरवर पाहता विक्षिप्त वाटतो, पण त्यामागे व्यवहार होता. त्या काळी अंकीय ध्वनी साठवण्यासाठी पुरेशा क्षमतेचे सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ फीत. दूरचित्रवाणीच्या चित्रातील प्रत्येक रेषेत तीन नमुने बसवले, तर जपान-अमेरिकेच्या पद्धतीत ३ × २४५ × ६० आणि युरोपच्या पद्धतीत ३ × २९४ × ५० असा हिशेब होतो. दोन्हींचे उत्तर एकच येते, ४४,१००. सीडीचे पहिले मास्टरही अशाच व्हिडिओ फितींवर तयार होत. सोनीची पीसीएम-१६१० व १६३० ही यंत्रे आणि यू-मॅटिक फीत यांचा तो जमाना. ही सामग्री महाग होती आणि मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारी होती.

छापलेल्या सीडीवर माहिती असते ती सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात. सर्वांत लहान खड्डा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतो आणि खड्ड्यांची सर्पिल रेघ सरळ केली, तर ती पाच किलोमीटरहून लांब भरेल. इतक्या सूक्ष्म लिखाणात धुळीचा कण, बोटाचा ठसा किंवा प्लास्टिकमधला बुडबुडाही पुष्कळ अक्षरे झाकून टाकतो. चुका होणारच, हे रेड बुकच्या कर्त्यांनी प्रथमपासून गृहीत धरले होते. चूक टाळण्यापेक्षा ती ओळखून दुरुस्त करण्याची व्यवस्था त्यांनी केली. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो गणिताचा. अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. संदेशाबरोबर काही जादा अंक अशा रीतीने पाठवायचे, की मधले काही अंक हरवले तरी उरलेल्यांवरून ते परत मिळवता यावेत, ही त्यातील कल्पना. आज भारतातल्या कुठल्याही भाजीवाल्याच्या गाडीवर लावलेला क्यूआर कोड ओरखडे पडूनही मोबाइलला वाचता येतो, तो याच रीड-सॉलोमन संकेतामुळे.

सीडीत हा संकेत दोन थरांत वापरला आहे. ध्वनीचे २४ बाइट घेऊन त्यांना एका थरात ४ आणि दुसऱ्या थरात ४ जादा बाइट जोडले जातात आणि एकूण ३२ बाइटांची एक चौकट बनते. शिवाय शेजारशेजारचे बाइट एकाच जागी न लिहिता शंभराहून अधिक चौकटींवर विखुरले जातात. त्यामुळे एखादा ओरखडा बरीच जागा व्यापत असला, तरी कोणत्याही एका चौकटीचे थोडेच नुकसान होते. एका सेकंदात अशा ७,३५० चौकटी लेसरखालून जातात. वाचताना पहिल्या थराची दुरुस्ती ‘सी-१’ आणि दुसऱ्या थराची ‘सी-२’ या नावांनी ओळखली जाते.

येथेच तो प्रसिद्ध आकडा येतो. रेड बुकने पहिल्या थराला चुकीच्या आढळणाऱ्या चौकटींची मर्यादा तीन टक्के ठेवली. ७,३५० चे तीन टक्के म्हणजे सुमारे २२०. दहा सेकंदांच्या सरासरीने दर सेकंदाला २२० सदोष चौकटी आढळल्या, तरी ती सीडी मानकात बसते. ज्या माध्यमाची जाहिरात ‘परिपूर्ण ध्वनी’ म्हणून झाली, त्याच्या पायातच सेकंदाला दोनशे वीस चुकांची मुभा होती.

ही मुभा ऐकणाऱ्यासाठी वरदान ठरली, पण मास्टर बनवणाऱ्यासाठी तिच्यात सापळा होता. पहिल्या थरातून सुटलेली चूक दुसरा थर पकडतो. दुसऱ्यातूनही सुटली, तर सीडी प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो आणि हरवलेल्या जागी तो अंदाज वाजवतो. तेही जमले नाही, तर क्षणभर आवाज बंद करतो. संगणकाच्या माहितीसाठी पुढे निघालेल्या सीडी-रॉममध्ये असे अंदाज चालत नाहीत. एखाद्या हिशेबातला आकडा अंदाजाने भरता येत नाही. म्हणून तिथे प्रत्येक विभागातील २,३५२ बाइटांपैकी २,०४८ माहितीसाठी ठेवून उरलेल्यांतून आणखी एक दुरुस्तीचा थर दिला गेला. संगीताच्या सीडीत मात्र सगळेच्या सगळे २,३५२ बाइट ध्वनीला दिलेले. अर्थात संगीताची सीडी आपल्या चुका झाकण्यात पटाईत असते. मास्टर वाजवून पाहिला, चांगला वाजला, म्हणून तो चांगला आहे असे म्हणता येत नाही. त्यातल्या चुका अजून झाकता येण्याजोग्या आहेत, एवढेच त्यावरून सिद्ध होते. पुढच्या छपाईत त्यांच्यावर आणखी चुकांची भर पडणार असते.

फितीच्या मास्टरची जागा सीडीनेच घ्यावी, ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती जपानमधील तायो युदेन या कंपनीने. तेथील संशोधिका एमिको हमादा यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. लेसरने लिहिता येईल अशा रंगद्रव्याचा थर प्लास्टिकवर द्यायचा, हे तत्त्व नवे नव्हते. अडचण होती ती जगभर विकल्या गेलेल्या सीडी प्लेअरांची. छापील सीडीवरून जेवढा प्रकाश परततो, जवळपास तेवढाच लिहिलेल्या तबकडीवरूनही परतला नाही, तर जुने प्लेअर तिला ओळखणार नाहीत. रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते आणि चकाकी तर हवी, असा हा पेच होता. सायनिन या रंगद्रव्याचा थर आणि त्यामागे अ‍ॅल्युमिनियमऐवजी सोन्याचा पातळ मुलामा, या जोडीने तो सुटला. १९८८ साली ही तबकडी जगापुढे आली आणि १९९० मध्ये ‘ऑरेंज बुक’ या मानकाने तिला अधिकृत स्थान दिले. तिच्यावर खरे खड्डे नसतात. लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्य जिथे बदलते, तिथे प्रकाश कमी परततो आणि वाचणाऱ्या यंत्राला तो खड्डाच भासतो.

हे ‘भासणे’ नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा प्रश्न त्यातून उद्भवतो. छापील सीडीचा खड्डा ठशाने पडतो. तो एकदा नीट जमला की प्रत्येक प्रतीत तसाच येतो. लिहिलेल्या सीडीवरचा प्रत्येक ‘खड्डा’ मात्र त्या क्षणीच्या उष्णतेचे फळ असतो. लेसरची शक्ती थोडी अधिक झाली, तर डाग लांबतो. कमी झाली, तर आखडतो. कडा इकडेतिकडे सरकल्या की वाचणारे यंत्र गोंधळते. कडांच्या या थरथरीला ‘जिटर’ म्हणतात आणि ती वाढली की सी-१ चुका वाढतात.

सुरुवातीचे सीडी रेकॉर्डर भल्या मोठ्या किमतीचे, जड आणि संथ होते. ते व्यावसायिकांसाठीच बनवलेले असल्याने दणकटही होते. सोनीचे सीडीडब्ल्यू-९००ई हे त्यांतले एक नाणावलेले यंत्र. सोनी आणि अमेरिकेतील सोनिक सोल्यूशन्स यांनी ‘पीएमसीडी’ ही पद्धत आणली. तिच्यात गाण्यांच्या आरंभ-अंताच्या खुणा व इतर सूचना त्याच तबकडीवर, संगीत संपल्यानंतरच्या भागात लिहिल्या जात आणि कारखाना तिच्यावरून थेट काचेचा मास्टर कोरू शके. फितीचे ओझे उतरले. पण या काळात यंत्राची निवड फारशी नव्हतीच. महाग यंत्र आणि त्यासाठी नेमून दिलेली कोरी तबकडी, एवढाच पर्याय होता. त्यामुळे विश्वासार्हता आपोआप पदरात पडत असे.

१९९५ च्या सुमारास हजार डॉलरांच्या आतले बर्नर बाजारात आले आणि चित्र पालटले. आता मास्टर बनवणे लहान स्टुडिओलाही शक्य झाले. त्याचबरोबर चुकांच्या नव्या वाटाही उघडल्या. पहिली वाट लिहिण्याच्या पद्धतीची. घरगुती बर्नर एकेक गाणे सुटे लिहीत. प्रत्येक गाण्यानंतर लेसर थांबे, पुन्हा सुरू होई आणि त्या सांध्याच्या जागी काही निरर्थक विभाग उरत. ऐकणाऱ्याला ते दोन सेकंदांच्या शांततेत दडून जात, पण कारखान्याच्या यंत्राला तिथे दोष दिसे आणि मास्टर नाकारला जाई. मास्टरसाठी लेसर एकदाही न थांबता संपूर्ण तबकडी एका दमात लिहिणे आवश्यक होते. या पद्धतीला ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ म्हणतात आणि सुरुवातीच्या अनेक स्वस्त बर्नरांना ती येतच नव्हती. विश्वासू बर्नरची पहिली कसोटी ही अशी ठरली.

दुसरी वाट संगणकाच्या संथपणाची. लिहिणारा लेसर थांबू शकत नाही आणि संगणकाकडून येणारी माहिती क्षणभर अडली की बर्नरची छोटी साठवण रिकामी होऊन तबकडी वाया जाते. कोऱ्या सीडी महाग असताना अशा फुकट गेलेल्या तबकड्यांचे ढीग हा स्टुडिओंतला नेहमीचा देखावा होता. २००० साली जपानच्या सान्यो कंपनीने ‘बर्न-प्रूफ’ हे तंत्र आणले. माहिती अडली तर लेसर थांबतो आणि नंतर नेमक्या त्याच जागेपासून पुढे लिहू लागतो. घरगुती वापरासाठी ही मोठी सोय होती. मास्टर बनवणाऱ्यांनी मात्र तिच्याकडे सावधपणे पाहिले. तबकडी वाचली खरी, पण सांधा राहिलाच. ज्या मास्टरमध्ये हे तंत्र वापरावे लागले, तो बाजूला ठेवून दुसरा लिहावा, अशी सवय जाणत्या अभियंत्यांनी लावून घेतली.

तिसरी वाट वेगाची होती आणि ती सर्वांत फसवी होती. पहिले रेकॉर्डर संगीत वाजते त्याच वेगाने, म्हणजे ७४ मिनिटांची तबकडी ७४ मिनिटांत लिहीत. पुढे दुप्पट, चौपट, आठपट असे करत काही वर्षांत बर्नर ५२ पटीपर्यंत पोचले. याचा लेसरच्या दृष्टीने अर्थ काय, ते पाहण्याजोगे आहे. मूळ वेगाने लिहिताना सर्वांत लहान खुणेसाठी सुमारे ६९४ नॅनोसेकंद मिळतात. ५२ पटीने लिहिताना जेमतेम १३. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. इतक्या वेळात रंगद्रव्य तापवायचे, नेमक्या जागी थांबवायचे आणि शेजारची जागा थंड ठेवायची. शिवाय तबकडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेत असते आणि थोडीही असमतोल असली की थरथरते. इतक्या घाईत लिहिलेल्या मास्टरमध्ये चुका वाढणार, हे उघड आहे.

यावरून ‘जितके संथ तितके उत्तम’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला आणि तोही पुरता खरा ठरला नाही. उच्च वेगासाठी बनवलेल्या नव्या तबकड्यांचे रंगद्रव्य थोड्या वेळात अधिक उष्णता घेण्याच्या बेताने जुळवलेले असे. अशी तबकडी फार संथपणे लिहिली, तर उष्णता आजूबाजूला पसरून खुणांच्या कडा बिघडू शकत. म्हणजे वेगाला स्वतंत्र गुण नव्हता. तबकडी, बर्नर आणि वेग यांचा मेळ बसला पाहिजे, असा त्याचा अर्थ होता.

हा मेळ बर्नरच्या आत कसा बसवला जाई, तेही समजून घेतले पाहिजे. प्रत्येक कोऱ्या सीडीवर एक नागमोडी खाच आधीच कोरलेली असते. लेसरला वाट दाखवणे हे तिचे एक काम. तिच्या वळणांत उत्पादकाची ओळख आणि काही सूचना लपवलेल्या असतात, हे दुसरे. बर्नर त्या वाचतो, तबकडीच्या आतल्या बाजूला राखून ठेवलेल्या जागी वेगवेगळ्या शक्तींनी लिहून पाहतो आणि त्यातली योग्य ती निवडतो. ज्या तबकडीची ओळख त्याच्या अंतर्गत आज्ञावलीत नोंदलेली असते, तिच्यासाठी लेसर कसा चालू-बंद करायचा याचा नेमका आराखडा त्याच्याकडे असतो. अनोळखी तबकडीवर तो सरसकट अंदाजाने लिहितो. तोच बर्नर एका कंपनीच्या सीडीवर सुरेख आणि दुसरीच्या सीडीवर सुमार का लिहितो, याचे उत्तर येथे आहे. ‘सर्वांत विश्वासू बर्नर कोणता’ हा प्रश्नच अपुरा होता. कोणत्या तबकडीवर आणि कोणत्या वेगाने, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नव्हते.

नव्या शतकाच्या आरंभी दोन जपानी नावांनी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले. यामाहाने आपल्या बर्नरमध्ये संगीतासाठी खास पद्धत दिली. तिच्यात खुणा नेहमीपेक्षा लांब लिहिल्या जात, म्हणजे कडा अधिक स्पष्ट होत. त्याची किंमत जागेच्या रूपात मोजावी लागे. ७४ मिनिटांच्या तबकडीवर सुमारे ६३ मिनिटांचेच संगीत मावे. दुसरे नाव प्लेक्स्टर. या नाममुद्रेमागची शिनानो केन्शी ही कंपनी १९१८ साली रेशमी सुताच्या व्यवसायात सुरू झाली होती आणि लहान मोटरींच्या मार्गाने सीडीच्या यंत्रांपर्यंत पोचली होती. प्लेक्स्टरने लेसरची शक्ती वापरणाऱ्याला स्वतः कमीजास्त करू देण्याची सोय दिली. २००३ च्या सुमारास आलेल्या ‘प्लेक्स्टर प्रीमियम’ने त्याहून महत्त्वाची गोष्ट केली. लिहून झालेल्या तबकडीतील सी-१ आणि सी-२ चुका मोजून त्यांचा आलेख दाखवण्याची सोय तिने वापरणाऱ्याच्या मेजावर आणली. एरवी असे मोजमाप करायला कारखान्यातली महागडी उपकरणे लागत.

या मोजमापाने पुष्कळ समज कोसळले. सोनेरी तबकडी म्हणजे उत्तम, निळसर म्हणजे दुय्यम, असे ठोकताळे रूढ होते. आलेख मात्र वेगळेच सांगत. कोऱ्या सीडीच्या वेष्टनावरील ‘म्युझिक’ या शब्दाचीही अशीच गंमत होती. घरगुती संगीत-रेकॉर्डरमध्ये चालाव्यात म्हणून या तबकड्यांवर एक वेगळी ओळखखूण असे आणि अमेरिकेसारख्या देशांत त्यांच्या किमतीत स्वामित्वधनाचा वाटा मिळवलेला असे. दर्जाशी त्या शब्दाचा संबंध नव्हता. नाव, रंग आणि किंमत या तिन्हींपेक्षा आलेख अधिक खरे बोलतो, हे ध्वनिअभियंत्यांना उमगले.

त्यातून मास्टर बनवण्याची एक शिस्त तयार झाली. एका दमात संपूर्ण तबकडी लिहिणारा बर्नर घ्यायचा. दोन-तीन उत्पादकांच्या कोऱ्या सीडी आणून प्रत्येकीवर वेगवेगळ्या वेगांनी लिहून पाहायचे आणि चुका मोजायच्या. जी जोडी सर्वांत कमी आणि सर्वत्र सारख्या चुका देईल, ती ठरवून टाकायची आणि त्याच प्रकारच्या सीडींचा साठा करून ठेवायचा. लिहिताना संगणकावर दुसरे काम करायचे नाही आणि वीज यूपीएसमधून घ्यायची. लिहिलेली तबकडी दुसऱ्या यंत्रात वाचून मूळ फाइलशी ताडायची. दोन प्रती करायच्या आणि चुका कमी असलेली कारखान्याकडे पाठवायची. तबकडीवर चिकटपट्टीचे लेबल लावायचे नाही, कारण त्याने तोल बिघडतो. आणि बर्नर म्हातारा होतो, त्याचा लेसर क्षीण होत जातो, हे लक्षात ठेवून ठरावीक काळाने पुन्हा मोजायचे. काल विश्वासू असलेले यंत्र आज तसेच असेल, याची हमी कोणी देत नाही.

भारताचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. पहिला उत्पादकाचा. १९८३ साली दिल्लीत सुरू झालेली मोझर बेअर इंडिया ही कंपनी फ्लॉपीवरून कोऱ्या सीडींकडे वळली आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. दिल्लीलगतच्या तिच्या कारखान्यांतील तबकड्या जगभर जात. भारतात कोरी सीडी काही रुपयांत मिळू लागली, त्यात अशा प्रचंड उत्पादनाचा वाटा होता. पुढे पेन ड्राइव्ह आणि इंटरनेट आले, मागणी आटली आणि २०१८ साली ही कंपनी अवसायनात निघाली.

दुसरा संबंध अधिक जिव्हाळ्याचा आहे. आकाशवाणीच्या संग्रहात आणि संगीत-संशोधनाच्या संस्थांत हजारो तासांचे ध्वनिमुद्रण चुंबकीय फितींवर होते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ साली पुण्यात स्थापन केलेले आणि नंतर दिल्ली परिसरात हललेले एथ्नोम्युझिकॉलॉजीचे संग्रह व संशोधन केंद्र हे अशा संस्थांचे एक उदाहरण. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत फितींना बुरशी लागते, त्यांचा लेप सुटतो. त्या वाचवण्यासाठी अंकीय प्रत करणे निकडीचे होते आणि त्या काळी हाताशी असलेले स्वस्त साधन म्हणजे सीडी. येथे बर्नरच्या निवडीचा अर्थ बदलतो. नव्या संगीताचा मास्टर बिघडला, तर स्टुडिओत मूळ फाइल असते, दुसरा लिहिता येतो. दिवंगत गायकाच्या एकमेव फितीवरून केलेली प्रत बिघडली आणि दरम्यान फीतही गेली, तर तो आवाजच गेला.

हा धोका जगभरच्या संग्रहालयांना जाणवला होता. २००६ साली युनेस्कोने केव्हिन ब्रॅडली यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. विषय होता संग्रहांमध्ये लिहिण्यायोग्य सीडी-डीव्हीडींवर भरवसा ठेवण्यातले धोके. रंगद्रव्य प्रकाशाने, उष्णतेने आणि आर्द्रतेने बिघडत जाते. शिवाय मुळातच सुमार लिहिलेल्या तबकडीला बिघडायला फारसा वेळ लागत नाही. ध्वनी-दृक्‌श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत रेड बुकची २२० ची मुभा संग्रहासाठी नाकारली. सरासरी दहाच्या आत आणि शिखर पन्नासच्या आत, असा तिचा कडक निकष होता. त्यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. आज २०० चुका असलेली तबकडी आज वाजेल, पण उद्याच्या झिजेसाठी तिच्याकडे काहीच शिल्लक नाही. आज पाच चुका असलेल्या तबकडीकडे ती शिल्लक आहे. विश्वासार्हता म्हणजे चुकांचा अभाव नव्हे. उद्याच्या चुका सोसण्याची राखीव ताकद म्हणजे विश्वासार्हता.

आज कारखान्याला मास्टर पाठवायचा असेल, तर बर्नरची गरज सहसा लागत नाही. अमेरिकेतील डग कार्सन यांच्या कंपनीने विकसित केलेल्या ‘डीडीपी’ पद्धतीची मूळ योजना १९८० च्या दशकातली. आधी ती संगणकीय फितींवर वापरली गेली आणि आता फाइलींच्या रूपात इंटरनेटवरून जाते. सोबत एक आकडी मोहर असते. फाइलीतला एक बिट जरी बदलला, तरी कारखान्यात काढलेली मोहर जुळत नाही. म्हणजे संगीताची सीडी ज्या चुका झाकत होती, त्या आता झाकल्या जात नाहीत. अभियंते आलेखांच्या साह्याने जे करू पाहत होते, ते या साध्या मोहरेने पुरे केले.

यामाहाने बर्नरचा व्यवसाय केव्हाच सोडला आहे. तायो युदेनने २०१५ साली तबकड्यांचे उत्पादन थांबवले. नाणावलेले जुने बर्नर आता हौशी संग्राहकांच्या कपाटांत आहेत. पण त्यांनी शिकवलेला धडा कपाटात गेलेला नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य संग्रह प्रकल्पाला आयएसओ १६३६३ या मानकानुसार ‘विश्वासार्ह अंकीय भांडार’ असे प्रमाणपत्र मिळाले. जगात असे प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला संग्रह होता. हे मानक कोणत्याही यंत्राची किंवा नाममुद्रेची शिफारस करत नाही. प्रती किती आहेत, त्या कधी तपासल्या जातात, बिघाड कसा ओळखला जातो, त्याची नोंद कोण ठेवते, असे प्रश्न ते विचारते.

कोणता बर्नर विश्वासू, या जुन्या प्रश्नाचे उत्तरही अखेर तेच होते. जो मोजला आहे तो, आणि जोवर मोजला जात आहे तोवरच. देशाच्या संग्रहांत अजूनही असंख्य सीडी पडून आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी घाईघाईने लिहिलेल्या, ‘चालतेय’ असे म्हणून कपाटात ठेवलेल्या. त्यांच्यातल्या किती चुका आज दोनशे वीसच्या अलीकडे आहेत आणि किती पलीकडे गेल्या आहेत, हे त्या वाजवून कळणार नाही. मोजावेच लागेल, आणि मोजायची यंत्रे चालू स्थितीत आहेत तोवरच ते करता येईल.